इंजिन आणि काउलिंग यांच्यामधली बोटभर जागा

शंभर तासांच्या तपासणीसाठी विमानाचं नाक उघडलं होतं. खालचं काउलिंग, म्हणजे इंजिनाभोवतीच्या आवरणाचा खालचा अर्धा भाग, उताणं करून दोन स्टुलांवर ठेवलं होतं. एक्झॉस्टची नळी जिथून बाहेर पडते त्या खाचेशी फायबरचं एक ठिगळ दिसत होतं. नखाने कड उचलली तर खाली दुसरं निघालं, आणि त्याच्याखाली तिसरं. तळाचं मूळ कापड जळून तपकिरी पडलेलं, बोट लावताच भुगा होणारं. मी तेव्हा शिकाऊ होतो. ठिगळं खरवडून चौथं कसं लावायचं हे विचारायला मेकॅनिककाकांकडे गेलो, तर ते म्हणाले, "ठिगळं नंतर. आधी इंजिन किती खाली आलंय ते मोज."

काउलिंग परत चढवून पट्टी लावली. पंख्याच्या मध्यावरची टोपी, म्हणजे स्पिनर, काउलिंगच्या तोंडापेक्षा सहा मिलिमीटर खाली होता. इंजिनाच्या वरच्या दोन रबरांना चहूबाजूंनी बारीक चिरा होत्या. काउलिंगची तीनदा दुरुस्ती झाली होती, रबरांकडे एकदाही कुणी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मी लहान विमानांच्या काउलिंगची आतली बाजू वाचत आलोय. इंजिन आणि काउलिंग यांच्यामधली जागा हा माझ्या लेखी रंगकामाचा किंवा पत्राकामाचा विषय नाही. ती इंजिनाच्या हालचालीची राखीव जागा आहे, आणि ती इंजिन थांबलेलं असताना मोजली तर निम्मीच कळते.

मुळात इंजिन हलतं का? ते मुद्दाम हलतं ठेवलेलं असतं म्हणून. सेसना १७२सारख्या विमानात चार सिलिंडरांचं लायकमिंग इंजिन असतं: समोरासमोर आडवे सिलिंडर, हवेने थंड होणारे, मिनिटाला २७०० फेऱ्यांना १८० अश्वशक्ती. वजन सव्वाशे किलोच्या आसपास. चार सिलिंडरांचं चार-स्ट्रोक इंजिन प्रत्येक फेरीत दोनदा पेटतं, म्हणजे पूर्ण वेगात सेकंदाला ९० धक्के. हे धक्के सरळ फ्रेममध्ये उतरले तर वेल्डिंगला चिरा जातात, उपकरणं बिघडतात आणि वैमानिकाचं डोकं दुखतं. म्हणून फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पोलादी पत्र्याच्या भिंतीला, नळ्यांचा सांगाडा बोल्टने जोडतात आणि त्या सांगाड्यावर चार ठिकाणी रबरावर इंजिन टांगतात. काउलिंग मात्र इंजिनावर बसत नाही, ते विमानाच्या अंगावर बसतं. इथेच सगळा प्रश्न सुरू होतो. एक वस्तू रबरावर डोलते, दुसरी तिला चिकटून स्थिर उभी असते, आणि दोघींच्या मधे बोटभर फट.

रबरांच्या दोन तऱ्हा हँगरमध्ये सर्रास दिसतात. जुन्या तऱ्हेत चारही बोल्ट क्रँकशाफ्टला समांतर असतात आणि शंकूच्या आकाराची रबरं त्यांच्यावर बसतात. सोपं, स्वस्त, पण कंप बराचसा आत पोचवणारं. दुसरी तऱ्हा डायनाफोकल. यात बोल्ट तिरपे असतात, एका प्रकारात ३० अंश आणि दुसऱ्यात १८ अंश, आणि त्यांच्या अक्षांच्या रेषा पुढे वाढवल्या तर त्या इंजिन आणि पंखा मिळून जो गुरुत्वमध्य होतो त्याच्या आसपास एकत्र येतात. इंजिन मागून धरलेलं असूनही जणू आपल्या गुरुत्वमध्याशी टांगलेलं असल्यासारखं वागतं. वर-खाली हलताना ते मान टाकत नाही, कूस बदलताना पुढे झुकत नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ईरी शहरात सुरू झालेली लॉर्ड ही कंपनी या रबरांसाठी इतकी ओळखीची की पुष्कळ ठिकाणी त्यांना सरळ लॉर्ड माउंटच म्हणतात. मोटारींमध्येही हा विचार आला होता: क्रायसलरने १९३१मध्ये प्लिमथ गाडीत इंजिन त्याच्या गुरुत्वमध्यातून जाणाऱ्या अक्षावर रबरात बसवलं.

या रबरांमध्ये वरची आणि खालची जोडी सारखी नसते. इंजिन सांगाड्याच्या पुढे लोंबतं, त्यामुळे वरच्या बोल्टांवर ओढ येते आणि खालच्यांवर दाब. म्हणून प्रत्येक ठिकाणी कुठलं रबर पुढे आणि कुठलं मागे हे ठरलेलं असतं, कारण त्यांचा कडकपणा वेगळा. उलटसुलट बसवली तर पहिल्या दिवसापासून इंजिन नाक खाली घालून उभं राहतं, आणि बसवणारा काउलिंगला दोष देतो.

आता हालचाल. ती एक नाही, निदान चार आहेत, आणि प्रत्येकीचं घड्याळ वेगळं.

सगळ्यात संथ हालचाल रबराच्या म्हातारपणाची. नवं रबर बसवलं की पहिल्या काही तासांत थोडं बसतं. पुढे वर्षानुवर्षं तेल, उष्णता आणि सततचा भार यांनी दबत जातं. घरी विमान बांधणारे अनुभवी लोक काउलिंग बसवताना स्पिनर दोन-तीन मिलिमीटर वर ठेवतात ते यासाठीच. विदर्भात मे महिन्यात गोंदियाच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाचा विचार करा: बाहेर ४५ अंश, इंजिन नुकतंच बंद केलेलं, हवेचा झोत थांबलेला, आणि सिलिंडरांची सगळी उष्णता काउलिंगच्या आत कोंडलेली. रबराला बंद केल्यानंतरच्या अर्ध्या तासात जे सोसावं लागतं ते उड्डाणात लागत नाही. लायकमिंगच्या या इंजिनांची ओव्हरहॉलची मुदत साधारण २००० तास किंवा १२ वर्षं. रबरं तेव्हा बदलली जातात, पण तोवर ती तग धरतीलच असं नाही.

दुसरी हालचाल भाराची. १८० अश्वशक्ती आणि २७०० फेरे यांचा हिशोब केला तर पंख्याला मिळणारा पीळ सुमारे ४७५ न्यूटन-मीटर निघतो. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० मोटरसायकलचा पीळ २७ न्यूटन-मीटर असतो, म्हणजे हा तिच्या सतरा पटींहून जास्त. वैमानिकाच्या जागेवरून पाहिलं तर पंखा घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणून इंजिनाचं धड उलट्या दिशेने वळू पाहतं: डावे सिलिंडर खाली, उजवे वर. पूर्ण ताकद दिली की इंजिन त्या बाजूला कलतं आणि ताकद असेपर्यंत कललेलंच राहतं. त्यात वळणाचा आणि झटक्याचा भार मिळवा. साध्या वर्गातल्या विमानांना ३.८ जी, म्हणजे वजनाच्या ३.८ पट, इतका भार सोसेल अशी रचना करावी लागते. स्थिर उभं असताना इंजिनाच्या वजनाने रबर अडीच मिलिमीटर दबतं असं धरलं, तर ३.८ जीला ते साडेनऊ मिलिमीटर दबेल, म्हणजे आणखी सात मिलिमीटर. प्रत्यक्षात रबर दबता दबता कडक होतं, त्यामुळे आकडा थोडा कमी येतो. पण दिशा तीच. एक्स्ट्रा ३००सारख्या कसरतीच्या विमानात १० जीपर्यंत जाता येतं. तिथे दोनशेच्या आसपास किलोंचं इंजिन क्षणभर दोन टनांचं होतं, म्हणून त्या विमानांची रबरं जास्त कडक असतात आणि कंप वैमानिकाला सोसावा लागतो.

तिसरी हालचाल चालू करताना आणि बंद करताना होते. फटीची खरी परीक्षा इथेच आहे असं माझं ठाम मत आहे. वजनाखाली अडीच मिलिमीटर दबणाऱ्या कुठल्याही स्प्रिंगची स्वतःची कंपनसंख्या सेकंदाला दहाच्या आसपास येते. हे गणित इंजिनालाच नव्हे, दुकानातल्या तराजूच्या स्प्रिंगलाही लागू आहे. प्रत्येक विमानाचा, आणि प्रत्येक दिशेच्या हालचालीचा, आकडा वेगळा असतो, पण तो साधारण याच टापूत राहतो. आता मिनिटाला ६०० फेऱ्यांवर शांत चालणारं इंजिन सेकंदाला वीस धक्के देतं, म्हणजे या आकड्याच्या वर. २७०० ला तर खूपच वर. पण शून्यापासून ६००पर्यंत जाताना आणि ६००पासून शून्यावर येताना धक्क्यांची गती त्या दहाच्या आकड्यातून जातेच. मिनिटाला ३०० फेऱ्यांपाशी इंजिन आणि रबर एकाच तालात येतात. झोका घेताना योग्य वेळी दिलेला हलका हातही झोका कुठल्या कुठे नेतो, तसं.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर विमानाच्या पुढे न जाता बाजूला, सुरक्षित अंतरावर उभं राहावं आणि वैमानिकाला इंधनाचं मिश्रण बंद करायला सांगावं. आवाज विरळ होतो, पंख्याची पाती दिसू लागतात, आणि शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत स्पिनर काउलिंगच्या तोंडात एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असा झुलतो. शेवटची हवा दाबताना पिस्टनला जोर पुरत नाही, पंखा अडतो, किंचित उलटा फिरतो आणि थांबतो. तेव्हाचा धक्का सगळ्यात मोठा. हे दृश्य एका सेकंदाचं असतं, आणि काउलिंगवरचे बहुतेक ओरखडे त्याच सेकंदात पडतात. हल्ली लोक काउलिंगच्या आत छोटा कॅमेरा चिकटवून हे टिपतात. पहिल्यांदा ते चित्रण पाहणारा वैमानिक हमखास दचकतो.

या सेकंदावर बऱ्याच गोष्टींचा परिणाम होतो. जड धातूचा पंखा चक्राचं काम करतो आणि थांबणं सौम्य करतो. हलका कंपोझिट पंखा लावला तर विमान वजनाने हलकं होतं पण बंद होताना इंजिन जास्त झटकतं. पंखा बदलून फट न तपासणं ही म्हणूनच चूक आहे. सहा सिलिंडरांची इंजिनं, जसं सुरुवातीच्या सेसना १७२मधलं कॉन्टिनेंटल ओ-३००, फेरीला तीनदा पेटतात, म्हणून जास्त मऊ चालतात. एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल तर दोन फेऱ्यांतून एकदा येणारा लंगडा धक्का मिळतो, आणि तो रबराच्या तालाच्या जवळ येऊ शकतो. प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या मॅग्नेटोची वेळ चुकली असेल तर चालू करताना इंजिन उलटं लाथाडतं. अशी एक लाथ सहा महिन्यांच्या उड्डाणांपेक्षा जास्त ओरखडे काढू शकते.

प्रशिक्षण विमानांच्या बाबतीत मला इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. बारामती, धुळे, गोंदिया इथे विद्यार्थी शिकतात ती विमानं दिवसातून अनेकदा चालू-बंद होतात. खाजगी मालकाचं विमान शंभर तासांत जितक्या वेळा बंद होतं, त्याच्या कितीतरी पट प्रशिक्षण विमान होतं. आपण देखभाल तासांवर मोजतो. रबरं आणि काउलिंग मात्र तासांपेक्षा चालू-बंदच्या फेऱ्यांनी झिजतात. शिवाय विद्यार्थ्याचं उतरणं. पायपरच्या चेरोकी घराण्यात नाकाचं चाक इंजिनाच्या सांगाड्यालाच जोडलेलं असतं. नाकावर आदळलेलं लँडिंग तिथे सरळ सांगाड्यात जातं, नळी किंचित वाकते आणि इंजिनाची जागाच बदलते. त्यानंतर काउलिंग एका बाजूला घासू लागलं तर ते काउलिंगचं दुखणं नव्हे.

चौथी हालचाल उष्णतेची. स्टेनलेस स्टीलची मीटरभर नळी ५०० अंशांनी तापली तर साडेआठ मिलिमीटरच्या आसपास लांबते. म्हणून एक्झॉस्टचा शेवट थंड असताना खाचेच्या मध्यावर नसला तरी चालतं, तापल्यावर मध्यावर यायला हवा. आणि एक्झॉस्टला आधार द्यायचा तर तो इंजिनालाच द्यावा. एक टोक इंजिनाला आणि दुसरं विमानाच्या अंगाला असं घट्ट बांधलं की इंजिन हललं की नळी मोडते. तारा, इंधनाच्या नळ्या, थ्रॉटलची केबल, गरम हवेचा पाइप, सगळ्यांना हाच नियम: इंजिनावरचं इंजिनाला बांधा, भिंतीवरचं भिंतीला, आणि दोघांच्या मधे एक सैल वळसा ठेवा. तो वळसा काउलिंगला टेकत नाही ना, हे मात्र बघावं लागतं. इंधनाची नळी काउलिंगच्या फासळीवर घासून झिजण्यासारखी धोक्याची गोष्ट या सगळ्या विषयात दुसरी नाही.

इतकी मोकळी जागा हवी तर काउलिंग मोठंच का करत नाहीत? इथे हवा आडवी येते. १९२८मध्ये अमेरिकेच्या नॅका या विमानसंशोधन संस्थेच्या लँगली प्रयोगशाळेत फ्रेड वीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ताऱ्यासारख्या इंजिनावर पूर्ण आवरण घालून चाचण्या घेतल्या. लोकांना वाटत होतं की झाकलेलं इंजिन तापेल. झालं उलटंच: योग्य आकाराच्या आवरणाने प्रतिकार कमी झाला आणि थंडावाही राहिला. पुढच्या वर्षी लॉकहीडच्या एअर एक्सप्रेसवर ते काउलिंग चढवलं तेव्हा विमानाचा वेग ताशी १५७ मैलांवरून १७७ मैलांवर गेला. नॅकाला १९२९चा कॉलियर सन्मान मिळाला तो या कामासाठी. त्याआधीच्या आणि नंतरच्याही काही साध्या विमानांत हा प्रश्नच नव्हता. पायपर कबमध्ये सिलिंडरांची डोकी बाहेर वाऱ्यात असतात. घासायला तिथे फारसं काही नाही, पण वेगही नाही. उलट टोकाला १९७६चं मूनी २०१. रॉय लोप्रेस्टी यांनी काउलिंगसकट बाहेरच्या आकाराची सफाई केली आणि २०० अश्वशक्तीवर ताशी २०१ मैल मिळवले. काउलिंग आवळण्याची किंमत किती आणि मोबदला किती, हे त्या विमानात दिसतं.

आतली हवा तर आणखी नाजूक. आडव्या सिलिंडरांच्या इंजिनात हवा पुढच्या दोन तोंडांतून शिरते, सिलिंडरांच्या वर दाबाने साठते, सिलिंडरांवरच्या धातूच्या पातळ पाकळ्यांमधून खाली उतरते आणि खालून बाहेर पडते. वरच्या हवेने वाट चुकवू नये म्हणून इंजिनाभोवती ॲल्युमिनियमचे पडदे लावतात, त्यांना बॅफल म्हणतात. पण बॅफल इंजिनावर असतात आणि काउलिंग विमानावर, म्हणून पत्रा काउलिंगला टेकवता येत नाही. मधे सिलिकॉन रबराची पट्टी देतात. ही पट्टी हवेच्या दाबाकडे वळलेली हवी, म्हणजे दाबच तिला काउलिंगवर दाबून धरतो. उलटी वळली तर तोच दाब तिला उघडतो आणि सिलिंडर तापतात. शिवाय काउलिंग स्वतः स्थिर आहे हे अर्धसत्य आहे. १२० नॉट वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब चौरस मीटरला सुमारे २४० किलो असतो. अर्ध्या चौरस मीटरच्या वरच्या झाकणाला आतून तो पूर्ण मिळाला तर झाकण वर उचलणारा जोर १२० किलोंच्या आसपास होतो. झाकण फुगतं, पट्टीची फट वाढते. जमिनीवर दिसणारी घट्ट पट्टी हवेत सैल असू शकते, ती अशी.

काही बांधणारे म्हणूनच पडद्यांऐवजी सिलिंडरांच्या वर बंद डबा बसवतात आणि तो फक्त इंजिनाला जोडतात. तोंडाशी लवचिक जोड दिला की काउलिंग आणि इंजिन आपापल्या जागी हलायला मोकळे. मला ही रचना सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण ती मान्य करते की दोन वस्तू वेगळ्या हलणार. पण तपासणीला ती किचकट आहे, आणि प्रशिक्षण विमानात रोज डबा काढायला कुणाला वेळ नसतो.

जागा किती ठेवायची? अनुभवी बांधणाऱ्यांत रूढ असलेला अंगठ्याचा नियम असा: इंजिनाच्या कुठल्याही कडक भागापासून काउलिंगपर्यंत अर्धा इंच, म्हणजे साधारण १३ मिलिमीटर, आणि एक्झॉस्टभोवती त्याच्या दुप्पट. स्पिनर आणि काउलिंगच्या तोंडामधे पाव इंच. हे आकडे सुरुवात म्हणून ठीक आहेत. खरा आकडा विमानच सांगतं, आणि तो काढायची पद्धत मला काकांनी त्याच दिवशी दाखवली.

स्टेशनरीच्या दुकानातून मुलांची रंगीत क्ले आणली. इंजिनाच्या उंचवट्यांवर, सिलिंडरांच्या झाकणांच्या कोपऱ्यांवर, स्टार्टरच्या दातेरी कड्याजवळ, तेलाच्या फिल्टरच्या टोकावर, तिचे दोन सेंटिमीटर उंचीचे शंकू चिकटवले. काउलिंगच्या आतून त्या जागी थोडं ग्रीस पुसलं, म्हणजे क्ले तिथे चिकटत नाही. काउलिंग हलक्या हाताने चढवलं, परत उतरवलं, शंकू किती दबले ते मोजून लिहून ठेवलं. नवे शंकू लावले, काउलिंग बंद केलं, इंजिन चालू केलं, पूर्ण ताकद दिली, कमी केली, बंद केलं. मग उघडलं. पहिल्या मोजणीत डाव्या पुढच्या सिलिंडराखाली अकरा मिलिमीटर क्ले उरली होती. दुसऱ्या मोजणीत तीन. थांबलेल्या इंजिनाला जी जागा भरपूर वाटत होती, त्यातली आठ मिलिमीटर जागा त्याने एका चालू-बंदमधे वापरली होती. एक्झॉस्टजवळ क्ले वितळते, तिथे ती लावून उपयोग नाही. तिथे खाचेच्या कडेवर खडूची रेघ मारायची आणि ती कुठे पुसली गेली ते पाहायचं.

लहान, वेगाने फिरणाऱ्या इंजिनांची गोष्ट थोडी निराळी. बंगळूरच्या एनएएल या विमानसंशोधन संस्थेने बनवलेल्या हंसा-एनजी विमानात रोटॅक्स इंजिन आहे. पहिल्या हंसाचं उड्डाण १९९३चं, या हंसा-एनजीचं २०२१चं. रोटॅक्स ९१२चं १०० अश्वशक्तीचं रूप मिनिटाला ५८०० फेरे घेतं आणि गिअरने पंखा २.४३ पट हळू फिरवतं. इंजिनावर १२८ न्यूटन-मीटर पीळ असला तरी पंख्याकडे ३११ जातो, आणि रबरांना तोल सांभाळायचा असतो तो या मोठ्या आकड्याचा. हे इंजिन बंद होताना दांडगाईने झटकतं. कार्बोरेटरवाल्या रूपात दोन कार्बोरेटरचा मेळ चुकला तर मंद वेगालाही गिअरबॉक्स खडखडतो. रोटॅक्सच्या अशा विमानाचं काउलिंग घासत असेल तर मी आधी कार्बोरेटर बघतो, मग रबर.

घासलेलं काउलिंग दिसलं की आपल्याकडे हात ग्राइंडरकडे जातो. अडणारा भाग कापा, फायबर लावा, रंग मारा. पुष्कळदा ते करावंही लागतं, पण शेवटी. आधी स्पिनर आणि काउलिंगच्या तोंडातली फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी चार ठिकाणी मोजून लॉगबुकात लिहावी. वरची फट वाढली आणि खालची घटली तर रबरं बसली. डावी-उजवी बदलली तर सांगाडा बघावा, वेल्डिंगवर भिंग धरावं. चारही सारख्या आणि तरी आतून चमकदार ओरखडा असेल, तर इंजिन चालू-बंदमधे झटकतंय: प्लग, मॅग्नेटो, पंख्याचा समतोल. काही सेसनांमधे काउलिंगही रबरी कुशनवर बसतं. ती रबरं झिजली की काउलिंगच इंजिनावर उतरतं, आणि पाहणाऱ्याला उलटं वाटतं.

त्या विमानाची चारही रबरं बदलली. एक बदलून चालत नाही, नवं आणि जुनं शेजारी बसलं तर इंजिन वाकडं उभं राहतं. स्पिनर वर आला, किंचित जास्तच वर, कारण नवं रबर बसणार होतं. मग काकांनी ती तीन ठिगळं कापून काढली, खाच नव्याने मारली आणि काउलिंगच्या आतल्या बाजूला पांढरा रंग लावायला सांगितला. मी विचारलं, आत रंग कशाला, कुणाला दिसणार? ते म्हणाले, "पुढच्या शंभर तासांनी तूच उघडणार आहेस ना?"

शंभर तासांनी मीच उघडलं. पांढऱ्यावर डाव्या कोपऱ्यात नखाएवढा एक करडा डाग होता. त्याच्या वर तेलाच्या नळीचा क्लॅम्प होता, उलटा बसलेला, स्क्रूचं डोकं बाहेर करून. तो फिरवून बसवला आणि फट लिहून ठेवली.